पाद्री दिसतो का?

गेला महिनाभर डेस हॅविल कामाच्या पाळ्या बदलून घेत होता आणि दर वेळी नवी सबब सांगत होता. कधी गुडघा, कधी दाढ, तर कधी बायकोच्या मावशीला हॉकिटिकाला पोचवायचंय. मावशी गेल्या हिवाळ्यातच वारली होती. ग्लेनिसला हे चांगलं ठाऊक होतं, कारण मयताच्या दिवशीची सँडविचं तिनंच केली होती. ती काही बोलली नाही. पाहुण्यांना हिमनदीवर नेणारी कंपनी तिची, ऑफिसातला रेडिओ तिचा आणि शेवटचा शब्दही तिचाच, त्यामुळे तिला घाई नसायची. तिनं फक्त पाळ्यांच्या तक्त्यावरून पेन्सिल फिरवून पाहिली. ज्या दिवशी हुइया हेलिकॉप्टर उडवायची, त्या दिवशी डेसचं काहीतरी दुखायचं.

हुइया डेसची मुलगी. वय सव्वीस. चार वर्षं कॅंटरबरीच्या मेंढ्यांच्या कुरणांवर हेलिकॉप्टर उडवून ती गावी परत आली, आणि जानेवारीपासून ग्लेनिसकडे हिमनदीवर माणसं पोचवायला लागली. गावाला कोण कौतुक! आणि बाप दाढ धरून घरी.

डेस तेहतीस वर्षं बर्फावर होता. पूर्वी हे चालत जाण्याचं काम होतं. सकाळी खोऱ्यातून तासभर तंगडतोड केली की हिमनदीचं तोंड यायचं. मग बर्फ मागे सरत गेला, खोऱ्याच्या भिंती ढासळल्या, वाट बंद झाली. आता हेलिकॉप्टरनं आठ मिनिटं. सकाळच्या पहिल्या फेरीला डेस वर जायचा, रात्रभरात वितळून खडबडीत झालेला उतरायचा तळ कुऱ्हाडीनं सपाट करायचा, पायऱ्या तोडायचा. दोर अडकवायचे स्क्रू बर्फात पिळून त्यांवर बर्फाचा चुरा लोटायचा, नाहीतर उन्हानं तापून ते सैल होतात. मग पाहुण्यांना दोरावर बांधून पाण्यानं पोखरलेल्या निळ्या विहिरीत सोडायचं आणि चढून वर यायला लावायचं. एवढं सगळं करूनही त्याच्या हाताला स्वस्थता म्हणून नाही. जेवताना काटा वाजवणार, चर्चमध्ये बाक खरवडणार.

एके दिवशी सकाळी तो लापशीत चमचा फिरवत होता.

"आज कोण नेतंय तुला वर?" हुइयानं विचारलं.

"वॉली."

"परवाही वॉलीच उडवत होता."

"काय करणार, वॉलीला माझ्याशिवाय करमत नाही."

"वॉली म्हणतो, तुझा बाप आत बसला की प्रार्थना पुटपुटतो."

"अगं, तो लग्नाच्या गाडीतही पुटपुटत होता," चुलीपाशी उभी रेविन म्हणाली. रेविन म्हणजे डेसची बायको. "मला वाटलं, शपथ पाठ करतोय."

हुइया हसली नाही. "पुटपुटू दे की. पण माझ्याबरोबर एकदा तरी? डॉक्टरीणबाई बसल्या, टपालवाला बसला, शाळेची अख्खी सहावी बसली. एकटा माझा बाप बसत नाही. लोकांना काय वाटत असेल?"

"लोकांचं कशाला मनावर घेतेस?"

"बरं, लोकांचं राहू दे. तू सांग. माझ्या हातावर भरवसा नाही ना तुझा?"

डेस उठला आणि नळ गळतोय का ते पाहायला गेला. नळ गळत नव्हता. तरी तो पान्ह्यानं आवळत बसला.

खरं तर तिच्या हातावर त्याचा भरवसा होता. वॉलीपेक्षा हलकेच टेकवते, असं तो दुसऱ्यांना सांगायचा. तिला मात्र कधी म्हणाला नव्हता. भीती वेगळीच होती. बावीस वर्षांपूर्वी आर्ची डफ म्हणून एक वैमानिक होता, या किनाऱ्यावरचा सगळ्यांत सावध माणूस. परक्यांसाठी त्यानं कधी ढगात पाऊल टाकलं नाही. पण एका दुपारी त्याचा सख्खा भाऊ वरच्या झोपडीत अडकला, आणि आर्ची ढगात घुसला. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत उतरवून आणणाऱ्यांत डेस होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं: वर आपलं माणूस असलं की हुशारी गुंडाळून ठेवली जाते. हुइया वर येईल, बर्फावर बाप अडकलेला असेल, ढग असेल, आणि ती घुसेल. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच. सांगितलं असतं तर महिनाभराचे रुसवेफुगवे वाचले असते, पण आमच्या किनाऱ्यावरचे पुरुष असल्या गोष्टी बोलण्याऐवजी नळ दुरुस्त करतात.

दहा वाजता वॉलीनं त्याला आणि तिघा पाहुण्यांना वर सोडलं. इन्व्हरकारगिलच्या टपाल कचेरीत चाळीस वर्षं काढलेल्या सदुसष्ट वर्षांच्या पर्लबाई आणि त्यांचे दोन थोराड मुलगे. सहल मुलांनी आईला भेट दिली होती. विहिरीच्या काठाशी आल्यावर मात्र मुलांचे चेहरे उतरले आणि आई म्हणाली, "मी आधी."

बाई उतरल्या आणि पाव तासात चढून वर आल्या. थोरला अर्ध्यावर लटकला.

"हातांनी लोंबकळू नकोस!" डेस वरून ओरडला. "हात संपतील. बुटांचे काटे मार आणि पायांवर उभा राहा."

"उभाच आहे!"

"पाय कुठायत मग? मला नुसतं बूड दिसतंय!"

"त्याचं लहानपणापासून असंच," पर्लबाई म्हणाल्या. "झाडावर चढायचा आणि अग्निशमनवाल्यांना बोलवायला लावायचा."

पोरं चढली एकदाची, पण विहिरीच्या भिंतीवरून गळणाऱ्या पाण्यानं दोघंही नखशिखांत भिजली. चहा पिताना पर्लबाईंनी समोरच्या कड्यावरचा टोपीवाला काळा खडक कुठला, म्हणून विचारलं.

"तो पाद्री," डेस म्हणाला. "आमचा हवामानखात्याचा साहेब. पाद्री दिसत असेल तर हेलिकॉप्टर येतं. दिसत नसेल तर एक वेळ वर येता येईल, पण खाली जायची वाट सापडणार नाही."

दोन वाजता वॉली न्यायला येणार होता. एकच्या सुमाराला टास्मन समुद्रावरून ढग खोऱ्यात शिरला आणि सावकाश वर सरकायला लागला. डेसनं दोर गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"डेस, हुइया बोलतेय. वॉलीला पाय मोडलेल्या शिकाऱ्याला आणायला पाठवलंय. मी आत्ताच निघते, ढगाच्या आधी पोचेन. पाद्री दिसतो का?"

रेडिओवर ती त्याला बाबा म्हणत नसे. डेसनं वर पाहिलं. पाद्री टोपीपासून पायापर्यंत स्वच्छ दिसत होता. ढग अजून बराच खाली होता. वीस मिनिटं सहज मिळाली असती, पंचवीसही. विचारणारा वॉली असता तर डेस म्हणाला असता, "दिसतोय, हल लवकर."

"नाही," तो म्हणाला. "पाद्री गेला."

"परत सांग."

"गेला म्हटलं ना. येऊ नकोस."

"समजलं. मशीन बंद करते."

डेसनं रेडिओ कमरेला लावला. त्याला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण त्याची नजर पाद्र्यावरून हटेना.

"डेस," पर्लबाई म्हणाल्या, "पाद्री म्हणजे तो टोपीवालाच ना? तो तर समोर आहे."

"सामान आवरायला घ्या, पर्लबाई."

"आवरते ना. पण तो दिसतोय, एवढंच."

बाईंच्या बोलण्यात आरोप नव्हता. चष्म्याच्या काचा पुसून त्यांनी पुन्हा एकदा खडकाकडे पाहिलं आणि पिशवी आवरायला लागल्या. धाकट्या मुलाचे ओठ निळे पडायला लागले होते. दोन ओली माणसं, एक म्हातारी, आणि ढग एकदा बसला की सकाळपर्यंतही उठत नाही. ही माणसं ग्लेनिसनं त्याच्या हवाली केली होती, आणि त्यानं त्यांची परतीची वाट स्वतःच्या तोंडानं बंद केली होती. डेसला स्वतःची शिसारी आली. त्यानं रेडिओ काढला.

"दुरुस्ती. पाद्री दिसतोय. मघाशीही दिसत होता. मी खोटं बोललो."

हा रेडिओ पेट्रोलपंपावर ऐकू जातो, खानावळीत ऐकू जातो, शिपाई-फौजदार काहीही म्हणा, आमचा जो एकुलता पोलीस आहे, त्याच्या स्वयंपाकघरातही ऐकू जातो.

"खोटं म्हणजे?" ग्लेनिसचा आवाज आला.

"खोटं म्हणजे खोटं, ग्लेनिस."

हुइया एवढंच म्हणाली, "निघते."

पण बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू करून गरम व्हायला वेळ लागतो, आणि वर यायला आठ मिनिटं. तोवर ढगानं पाय उचलला. आधी तो पाद्र्याच्या पायाशी आला, मग कमरेला, मग नुसती टोपी उरली. पंख्याचा आवाज खोऱ्यात घुमायला लागला तेव्हा टोपीही गेली.

"हुइया, पाद्री गेला."

पंख्याचा आवाज थांबला नाही.

"आता खरंच गेला," डेस म्हणाला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या शब्दाला असा टेकू लावावा लागला.

"मी स्वतः बघते."

आवाज जवळ आला. इतका जवळ, की पोरं हात हलवून ओरडायला लागली. पांढऱ्याच्या पलीकडे कुठेतरी यंत्र एका जागी थरथरत उभं होतं. डेस कुऱ्हाड घट्ट धरून उभा होता. फिर मागे, फिर, फिर. हे तो मोठ्यानं म्हणत होता, पण रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं. आर्ची डफचे बूट त्याच्या डोळ्यांसमोर आले.

मग आवाज वळला. बारीक होत होत खोऱ्यात उतरला आणि संपला.

थोरल्यानं शिवी हासडली. "गेली? आपल्याला इथं टाकून गेली?"

"गेली," डेस म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. लाज वाटत होती, तरी हसूही येत होतं, जीव भांड्यात पडला होता, आणि पोरीचा अभिमान वाटत होता. त्या धांदरट पोरांना काय सांगणार?

"कोण होती ती?" पर्लबाईंनी विचारलं.

"माझी मुलगी."

बाईंनी थर्मासमधला उरलासुरला चहा त्याच्या हातात दिला आणि मुलांना दरडावलं, "तोंडं बंद करा आणि कपडे बदला."

बर्फावर अशा वेळेसाठी एक पेटी ठेवलेली असते. त्यातला नारिंगी तंबू उभा केला, पोरांना कोरडे कपडे आणि झोपायच्या पिशव्या दिल्या, सूप तापवलं. बाहेर एक किआ पोपट येऊन दोराचं टोक कुरतडायला लागला. डेस त्याला हाकलायचा, आत यायचा, धाकट्याचे तळवे चोळायचा, पुन्हा बाहेर जायचा. चार तास असे गेले. सहाला दक्षिणेचा वारा सुटला आणि ढग फाटला.

"पाद्री दिसतोय," त्यानं कळवलं. "पूर्ण."

हुइया आली, पिसासारखी टेकली. पाहुणे बसले, डेस मागे बसला. आठ मिनिटांत सगळे गावात.

खाली ग्लेनिस दारातच उभी होती. वॉलीही परतला होता.

"काय झालं वर?" ग्लेनिसनं हुइयाला विचारलं.

"पहिल्यांदा विचारलं तेव्हा हवा चांगली होती. गाइडनं चुकीची सांगितली. त्यात वेळ गेला, आणि मला फिरावं लागलं."

"अगं, चालायचंच," वॉली मध्ये पडला. "बापाचं काळीज आहे..."

"तिथं तो बाप नव्हता, वॉली. गाइड होता."

"बरोबर बोलतेय ती," डेस म्हणाला.

"तीन आठवडे बर्फावर जायचं नाही," ग्लेनिस म्हणाली. "दुकानात पाहुण्यांचे ओले बूट वाळव. नंतर बघू."

"बरं."

दोघं बाहेर पिकअपपाशी आले. किल्ली हुइयाच्या हातात होती, पण ती दार उघडत नव्हती. डेसनं मग आर्ची डफचं सगळं सांगून टाकलं. भाऊ, झोपडी, तिसरा दिवस. एवढं तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता. हुइयानं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला वाटलं, मी घुसेन."

"हो."

"बाबा, ढगाला मधेच एक भोक पडलं होतं," ती म्हणाली. "त्यातून मला तुमची पेटी दिसली. तू कुऱ्हाड घेऊन उभा होतास, तेही दिसलं. पाद्री दिसत नव्हता. तू दिसत होतास, आणि तरी मी फिरले."

तिनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला.

"पुढच्या वेळी दिसलं तर दिसलं म्हण, नाही तर नाही म्हण," ती म्हणाली. "यायचं की नाही, ते मी ठरवीन."

"हो."

तिनं डोळे पुसले. त्यानं हात पुढे केला. "आण किल्ली. दमली आहेस, मी चालवतो."

"नको," हुइया म्हणाली. "मी चालवते."

डेस गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि तिच्या शेजारी बसला.