पाहुण्यांचं दार

माझी थोरली जाऊ रुदैना अडतिसाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात गेली आणि तेव्हापासून आमच्या घरात एकही जेवण वेळेवर झालं नाही. मी तक्रार करत नाहीये. खरं सांगायचं तर करतेच आहे. ती कॉलेजात आणि मी तिच्या शेगडीपाशी, अशी माझी दोन वर्षं गेली.

बरं, शिकायला घेतलं तरी काय? घराची अंतर्गत सजावट! नर्सिंग घेतलं असतं तर आमच्या सासूबाईंची साखर तरी घरच्या घरी मोजता आली असती. सासूबाईंना सगळं रम्था गाव हज्जा तमाम म्हणतं, आणि आम्ही नुसतंच हज्जा. त्यांनी तोंडावर विचारलं होतं, "सोफा कुठे ठेवायचा हे शिकायला दोन वर्षं लागतात का गं?" रुदैनाचा नवरा मुफलेह म्हणाला, "दोन वर्षं. वर एक दिवस नाही. नापास झालीस तर पुस्तकं बांधून ठेवायची." ती हो म्हणाली. लग्न झालं तेव्हा ती अठराची होती, बारावी अर्धवट राहिलेली. ती परीक्षा तिने सदतिसाव्या वर्षी दिली, पाचव्या बाळंतपणानंतर सहा वर्षांनी. तिला आता नाही म्हणून कोण थांबवणार होतं?

आमचं घर दुमजली. वर मी आणि माझा नवरा. खाली हज्जा, मुफलेह, रुदैना आणि त्यांची पाच मुलं, दोन खोल्यांत. तिसरी खोली पाहुण्यांची. सात मीटर बाय पाच, सतरा माणसं बसतील एवढे सोफे, सोफ्यांवर चादरी, झुंबराला प्लास्टिकची पिशवी, आणि रस्त्याकडे उघडणारं तिचं वेगळं दार. पाहुणा त्या दाराने येतो, घरचा माणूस मागच्या. किल्ली हज्जाच्या गळ्यात. रुदैना दर गुरुवारी आतल्या बाजूने जाऊन तिथली धूळ पुसायची आणि बाहेर यायची. तिथे बसायची नाही.

मग ही बाई नकाशे काढायची कुठे? स्वयंपाकघरात, फ्रीझरच्या झाकणावर. घरात तेवढीच एक सपाट जागा होती. ती पट्टी लावून रेघ मारायला लागली की कोणीतरी येणार, "आई, ब्रेड हवाय." की नकाशा उचला, पेन्सिली उचला, झाकण उघडा. एकदा टोमॅटोच्या रश्शाचा मोठा डाग पडला, नेमका नकाशातल्या न्हाणीघरावर. कॉलेजातल्या मिस लुबाबा, वय एकोणतीस, त्यांनी विचारलं, "हे काय दाखवलंय?" वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी खिदळल्या. रुदैना म्हणाली, "घरात माणसं राहतात, ते दाखवलंय." मार्क कापले ते कापलेच.

शेवटच्या वर्षाचं काम असं होतं की एक खरं, राहतं घर घ्यायचं, त्याची मापं काढायची, त्यात बदल सुचवायचा आणि नकाशाखाली घराच्या मालकाची सही आणायची. मिस लुबाबा म्हणायच्या, "मालकाला पटलं नाही तर ते डिझाइन नाही, ते नुसतं चित्र." सही नसेल तर काम जमा होणार नाही, जमा झालं नाही तर उन्हाळ्यातल्या शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. आणि मुफलेहची दोन वर्षं तर तिथेच संपत होती.

शहाण्या पोरींनी मामाचं नाहीतर काकाचं घर घेतलं. आमच्या बाईसाहेबांनी ऑक्टोबरातच स्वतःचं घर नोंदवून टाकलं. घर हज्जाच्या नावावर.

पहिल्या नकाशात तिने पाहुण्यांच्या खोलीत मधोमध सरकती भिंत घातली. पुढचा भाग दारासकट पाहुण्यांना, मागचा खिडकीचा भाग मुलांच्या अभ्यासाला, तिथे एक लांब टेबल. हज्जाने कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"म्हणजे पाहुण्याला अर्ध्या खोलीत बसवायचं? उद्या म्हणशील, अर्धा कप कॉफी द्या."

"हज्जा, मागच्या वर्षभरात पाहुणे किती वेळा आले? मी लिहून ठेवलंय. चौदा वेळा."

"आणि पंधराव्यांदा आले तर?"

दुसऱ्या नकाशात तिने एक तृतीयांशच मागितलं. तिसऱ्यात भिंतच काढून टाकली, नुसतं खिडकीखाली टेबल. "पाहुणा काय टेबलाकडे बघत बसेल?" चौथ्यात घडीचं टेबल, पाहुणा आला की भिंतीला लागणारं. हज्जा म्हणाली, "घडी घालायची तर तुझ्या हट्टाची घाल."

प्रत्येक वेळी ती सगळं पुन्हा काढायची, फ्रीझरवर, ब्रेड मागणाऱ्यांच्या मधून. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. शेवटी मी म्हटलं, "अगं, आण इकडे तो कागद, मी करते सही. हज्जाचं अक्षर कोण ओळखतंय?"

"नको."

"का नको? एवढी कसली साधुगिरी?"

"इन्साफ, मला तो कागद नकोय. मला ती खोली हवीय." आणि पेन्सिल फ्रीझरवर आपटली. टोक मोडलं. तेही मलाच करून द्यावं लागलं.

हज्जाची एक गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ आहे. सासरे असताना एकदा ट्रकवाल्याने आमच्या आठ मेंढ्या चिरडल्या. तो त्याच खोलीत येऊन बसला, कडू कॉफीचा कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. कप असा ठेवला की काहीतरी मागायचंय हे यजमानाने समजायचं. सासरे म्हणाले, "पी कॉफी, तुझं काम झालं." आठ मेंढ्या माफ. ही गोष्ट सांगून झाली की हज्जा छातीवर हात ठेवते, "या दाराने वैरी आला तरी पाहुणा. या खोलीतून कोणी कप तसाच टाकून गेलेला नाही."

ही गोष्ट मीही शंभर वेळा ऐकली होती. पण मला काही सुचलं नाही, सुचलं ते रुदैनाला.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची; रविवारी दुपारी दोनपर्यंत काम जमा करायचं होतं. त्याआधीच्या गुरुवारी, भर बारा वाजता, पाहुण्यांच्या दाराची घंटा वाजली. मी जिन्यातून वाकून पाहिलं. दारात रुदैना. ठेवणीतला अबाया, ईदचे बूट, एका हातात किलोभर कुनाफ्याच्या मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात गुंडाळी केलेले नकाशे. समोरच्या गच्चीवर दोन बायका कपडे वाळत घालत होत्या, त्यांचे हात थांबले.

हज्जाने दार उघडलं. "हा काय तमाशा? मागून ये."

"सलाम आलेकुम, हज्जा. मी तुमच्याकडे आलेय," रुदैना मोठ्याने म्हणाली.

हज्जाने समोरच्या गच्चीकडे पाहिलं. मग सुनेकडे. आणि म्हणाली, "या. आत या." आणि वर तोंड करून ओरडली, "इन्साफ! पाहुणी आलीय, कॉफी टाक!"

मी वेलदोडा घालून कॉफी केली आणि कप भरून दिला. एकवीस वर्षं धूळ पुसलेल्या सोफ्यावर रुदैना पहिल्यांदा टेकली होती. तिने कप घेतला आणि न पिता संगमरवरी टेबलावर ठेवला.

मला वाटलं, झालं. आता हज्जा म्हणणार, पी बाई.

हज्जाने कपाकडे निवांत पाहिलं. "पाहुण्याला तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस, काय काम काढलंत असं विचारायचं नसतं. आमच्या घरी कधी विचारलेलं नाही. तुम्ही आरामात राहा."

रुदैनाने बोटांवर मोजलं. मीही मोजलं. रविवारी रात्री आठ. कॉलेज दोनला बंद. म्हातारीने रीत मोडलीही नाही आणि काही दिलंही नाही! मला असा संताप आला की ट्रे आदळावासा वाटला. रुदैनाने नकाशांची गुंडाळी सोडली. ती म्हणाली, "बरं. राहते." आणि मग, "हज्जा, पाहुणीला जरा उजेडात टेबल मिळेल का?"

आता पाहुणीला नाही कसं म्हणणार? मुफलेहच्या मोठ्या मुलाने आणि मी मिळून ते संगमरवरी टेबल खिडकीखाली ओढलं.

संध्याकाळी मुफलेह कामावरून आला. "उम्म घैस कुठाय?" तो बायकोला थोरल्या मुलाच्या नावाने, घैसची आई अशी हाक मारतो.

"पाहुण्यांच्या खोलीत," मी म्हटलं.

"कोण आलंय?"

"उम्म घैस."

तो मागच्या खोलीत जाऊन बूट घालूनच बसला. रात्री उकडलेली अंडी खाल्ली.

ते तीन दिवस मी खाली-वर करून मेले. शुक्रवारचा मकलूबा, म्हणजे पातेलं ताटात उपडं करून वाढायचा मटण-भात, मी उलटला, तो अर्धा पातेल्यालाच चिकटला. पाहुणीला स्वयंपाकघरात बोलावता येत नाही, उलट तिला ताट नेऊन द्यायचं! तिने सगळे नकाशे नव्याने काढले. एकही डाग पडला नाही. रुदैनाच्या धाकट्या, आठ वर्षांच्या मैसने पुढच्या दारी जाऊन घंटा वाजवली आणि "मीपण पाहुणी" म्हणून आत घुसली. शनिवारी थोरली शहद बारावीची पुस्तकं घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. हज्जा दाराशी खुर्ची टाकून जपमाळ ओढत सगळं बघत होती. गुरुवारचा तो कप तिथेच होता. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

रविवारी बारा वाजले. रुदैनाने नकाशा गुंडाळला. खाली सहीची जागा कोरी.

"हज्जा, दोन वाजता कॉलेज बंद होतं," ती म्हणाली.

"दिवसाचा तिसरा हिस्सा बाकी आहे."

तेव्हा तिचा बांध फुटला. "बाकी काय बाकी? एकवीस वर्षं मी तुमच्या पाहुण्यांची भांडी घासली. माझी पाच पोरं जमिनीवर उताणी पडून अभ्यास करतात. आणि या खिडकीत बसायला मला माझ्याच घरी पाहुणी व्हावं लागलं! नको मला तुमची सही. ठेवा." आणि तोंडावर अबायाची बाही दाबून रडायला लागली. शहदने पुस्तक मिटलं. मलाही रडू आलं, आणि मकलूबासाठी नाही.

हज्जाने जपमाळ गुंडाळून खिशात टाकली. घड्याळाकडे पाहिलं.

"कप उचल."

"अजून आठ तास..."

"उचल म्हणते ना! रीत पाहुणी सांगणार की मी?"

तीन दिवसांची ती गार कॉफी, वर धूळ. रुदैनाने डोळे मिटून एका घोटात संपवली. हज्जाने चष्मा मागवला आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांत सही केली, एकेक अक्षर घोटून घोटून. आमचा जीव टांगणीला. माझ्या नवऱ्याने पिकअप अशी हाणली की दोनला पाच मिनिटं कमी असताना काम जमा झालं.

अडुसष्ट मार्क मिळाले. मिस लुबाबांनी खाली शेरा लिहिला होता, 'मालकाशी संवाद कमी पडला.' त्या मिसला एकदा माझ्यासमोर आणा.

आणि सोमवारी सकाळी खोलीला कुलूप. टेबल मधोमध, चादरी सोफ्यांवर, झुंबराला पिशवी. हज्जा शांतपणे म्हणाली, "सही कागदावर केली होती. भिंतीवर नाही."

उन्हाळ्यात ती शेवटची परीक्षा पास झाली. प्रमाणपत्र हज्जाने स्वतः चौकटीत बसवून आणलं, सोनेरी, नक्षीची. गल्लीभर दाखवलं. आणि कुठे लावलं? पाहुण्यांच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल असं. आता रुदैना त्याचीही धूळ पुसते. शेजारच्या दोघीतिघींनी स्वयंपाकघरं बदलून घ्यायला तिला बोलावलंय. त्यांचे नकाशे ती काढते कुठे? फ्रीझरवर.

पण दर गुरुवारी बारा वाजता पुढच्या दाराची घंटा वाजते. अबाया, ईदचे बूट, हातात नकाशे. मागे मैस, तिच्यामागे शहद पुस्तकं घेऊन. हज्जा कुरकुरत किल्ली काढते, "या. आत या," म्हणते, आणि वर तोंड करून मला हाक मारते. रविवारी रात्री आठपर्यंत खोली त्यांची.

चार महिने मी कॉफी केली. मागच्या गुरुवारी हज्जाने हाक मारली तेव्हा मी वर नव्हतेच. मी खाली रुदैनाच्या मागे उभी होते, ठेवणीतल्या अबायात. कॉफी कोणी केली ते मला विचारू नका. मी पाहुणी होते.