बर्फावरचे बूट आणि माझी जोडवी

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि हितशत्रू यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचे कुटुंब या हिवाळ्यात पदरचे पैसे घालून, सहा-सात कपडे एकावर एक चढवून, काश्मीरच्या एका डोंगरावरून जाणूनबुजून घसरणार आहे. शोकसंदेश आगाऊ पाठवू नयेत.

ही घोषणा मी जेवणाच्या टेबलापाशी, हातात डाव घेऊन केली. स्कीइंगचा घाट मुळात आमच्या मुलीने घातला होता. ती इथेच, बेंगळुरूच्या मारतहळ्ळी भागात नोकरी करते. तिच्या ऑफिसातले निम्मे लोक दर हिवाळ्यात स्कीइंगला जातात आणि बाकीचे निम्मे फिजिओथेरपीला. नवऱ्याने दुसऱ्याच दिवसापासून व्हिडिओ बघून हॉलमध्ये गुडघे वाकवून उभं राहायला सुरुवात केली. धुणं वाळत घालायची काठी हातात घेतली की त्याला आपण बर्फावर आहोत असं वाटायचं. मी मूळची नागपूरची. थंडी म्हणजे कूलरमध्ये जरा जास्त पाणी, इतपतच माझी समज. पण सगळ्यांत जास्त घाई मलाच होती, आणि तिला कारण होतं.

सहलीला जाणाऱ्या प्रत्येक घरात चपला सांभाळणारं एक माणूस लागतं. देवळाबाहेर चपला, धबधब्यापाशी कपडे, वॉटर पार्कमध्ये सगळ्यांचे फोन आणि चष्मे. आमच्या घरात हे पद पूर्वी सासूबाईंकडे होतं. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथेच बेंगळुरूत गेल्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत अक्कांनी ते पद मोठ्या मनाने माझ्याकडे सोपवलं. कपाटाच्या किल्ल्या अजून सोपवलेल्या नाहीत. तेव्हापासून भारतातली कितीतरी रम्य स्थळं मी पिशव्यांच्या ढिगावरून मान उंचावून पाहिली आहेत. अक्का शेजारी बसून मार्गदर्शन करतात.

या खेपेलाही नवरा म्हणालाच, “हे बघ, तुला नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. तू आणि अक्का खाली मस्त कॉफी पीत बसा. कुणीतरी सामानाकडे बघायला हवंच ना!”

हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला की त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं: हाड मोडलं तरी चालेल, पण पिशव्यांपाशी बसायचं नाही.

आता प्रश्न बुटांचा. तिथे भाड्याने बूट मिळतात, पण लहान मापाचे लवकर संपतात, असं मुलीच्या ऑफिसातल्या जाणकारांनी सांगितलं होतं. माझं पाऊल अगदी लहान. बूट नाही तर बर्फ नाही, आणि बर्फ नाही तर पिशव्या. म्हणून बूट इथूनच भाड्याने न्यायचे ठरलं आणि रविवारी आम्ही बनशंकरीच्या आमच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीच्या दिशेने निघालो. अक्काही आल्या. एक तर गाडीत एसी असतो, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या पाठीमागे कुणी काही ठरवलेलं त्यांना खपत नाही.

दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. तंबू, जाकिटं, काठ्या, आणि भिंतीला ओळीने लावलेले ते बूट. दारावर पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. बुटांच्या दुकानात! सगळ्यांनी चपला काढल्या आणि मी सवयीने त्यांच्यापाशी उभी राहिले. मुलीने दंडाला धरून आत ओढलं.

दुकानदार मंगळूरकडचा, गोल आणि हसरा होता. मी विचारलं, “आप खुद स्कीइंग करते हैं?”

“नहीं मॅडम. मैंने तो बर्फ सिर्फ ज्यूस में देखा है.”

पण बुटांच्या बाबतीत तो कडक होता. नवऱ्याने “एक नंबर मोठाच द्या, खाली दोन मोजे घालू” असं म्हटल्यावर त्याने कानांवर हात ठेवले. एकच पातळ मोजा, टाच अजिबात उचलली जाता कामा नये, बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत. ढिला बूट घातला तर स्की एकीकडे जाणार आणि माणूस दुसरीकडे.

हे बूट म्हणजे प्लॅस्टिकच्या बादल्याच, फक्त त्यांना बकलं. नवऱ्याचे पाय आत गेले आणि तो प्लास्टरमधल्या पेशंटसारखा ऐटीत फेऱ्या मारू लागला. मुलीचेही गेले. मी पाय घातला, दुकानदाराने पहिलं बकल आवळलं, आणि मी अशी किंचाळले की तंबू बघायला आलेलं एक जोडपं तंबूतून बाहेर आलं.

एक माप मोठा बूट आणला. दुखेना, पण टाच आत उड्या मारत होती. दुकानदाराने नकारार्थी मान हलवली. पुन्हा लहान. पुन्हा किंकाळी. शेवटी त्याने मोजा काढायला लावला आणि माझ्या पावलाकडे बोट दाखवलं.

“मॅडम, ये निकालना पडेगा.”

माझी जोडवी! चांगली जाड, चांदीच्या वेढ्यांची, लग्नात खुद्द अक्कांनी घडवून घेतलेली. बाळंतपणातसुद्धा काढली नव्हती. नर्सने वरून चिकटपट्टी लावली होती. आम्ही सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. त्या स्टुलावर बसून दुकानदाराने मागवलेली कॉफी पीत होत्या.

बोलला मात्र नवरा. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेने पुढे जाणारा हा माणूस. “राहू दे ना,” तो म्हणाला. “उगाच कशाला काढायची?”

“का रे? तुझा तर असल्या गोष्टींवर विश्वास नाही ना?”

“नाहीच आहे.” त्याने आवाज खाली आणला. “एरवी काढलीस तर काहीच नाही गं. पण नेमका मी डोंगरावरून खाली येत असताना?”

मुलगी हसता हसता जमिनीवर बसली. “बाबा, हेल्मेट असतं तिथे!”

“हेल्मेट फक्त डोक्याला असतं.”

हा क्षण वाया घालवण्याइतकी मी साधीभोळी नाही. एक पाय बुटात, एक उघडा, अशी मी बाकावर टेकले, आणि अक्कांना नीट ऐकू जाईल असा उसासा टाकला. “जाऊ दे. मी बसेन खाली. सामान कुणीतरी बघायलाच हवं. मला काय, सवय आहे.”

अक्कांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. “स्वल्प थांब,” असं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या आणि उठून माझ्यापाशी आल्या. आधी जोडव्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग भिंतीवरच्या फोटोतल्या बर्फाकडे. पर्समधून डोकेदुखीच्या बामची डबी काढून माझ्या हातात दिली.

“लाव. सैल होतील.”

सगळ्या तळघरात निलगिरीचा वास सुटला. बराच वेळ गोल फिरवल्यावर एकेक जोडवं सुटलं. अक्कांनी ती रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. मी पाय बुटात घातला. खट्, खट्, खट्. सगळी बकलं लागली. मी गुडघे वाकवले; टाच जागची हलली नाही. दुकानदाराने टाळी वाजवली.

“अक्का, तू? तू काढायला सांगतेस?” नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“अरे, लग्नाआधी इतकी वर्षं जगलास ना? तेव्हा कुणाच्या पायात होती तुझ्यासाठी जोडवी?”

“पण तेव्हा मी बर्फावर कुठे जात होतो!”

आणि अक्का, ज्यांनी माझ्या लग्नापर्यंत देवळांबाहेर घरच्या सगळ्यांच्या चपला राखल्या, त्या तंबूतल्या जोडप्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “एवढी जिवाची भीती आहे तर तू बस खाली, चपला सांभाळत!”