तळ्यातली लाल रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नलूच्या फोटोसमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखत असाल तर अधिकच बरं?

मुलुंडला, डोंगराच्या बाजूला, एका तळ्याच्या काठी आमची दोनच घरं होती. एक माझं आणि माझ्या बायकोचं, नलूचं, दुसरं परबचं. मधे विहीर. नळ गेला की दोन्ही घरं त्याच विहिरीचं पाणी प्यायची. मी शाळेच्या ग्रंथालयात होतो, परब गिरणीतून सुटून साकीनाक्याला एका कारखान्यात लागला होता. मला सगळे मास्तरच म्हणत.

त्या वर्षी तळ्याला वास सुटला. नलू परबच्या दारात गेली, म्हणाली, तुमची संडासाची टाकी पाझरते आहे, बघा जरा. परब हसला. "वैनी, तळ्याक तळ्याचोच वास येतलो. अत्तराचो खंयसून येतलो?"

दोन महिन्यांनी नलू काविळीने गेली.

ते हसू — तुम्ही कधी एखाद्याचं हसू वर्षानुवर्षं सांभाळून ठेवलंय? मी ठेवलं. तेराव्यानंतर बसून परबच्या टाकीबद्दल पालिकेला अर्ज लिहिला, तीनदा खोडून. चौथा खर्डा चांगला उतरला, याचं मला तेव्हाही समाधान वाटलं होतं.

निरीक्षक आले. नियम त्यांनी समजावून सांगितला: टाकी तळ्यापासून ठरलेल्या अंतरावर हवी, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायला पुढे शोषखड्डा हवा, मैलापाणी तळ्यात जाता कामा नये. मग लाल रंगाच्या दोन पुड्या माझ्या हातात ठेवल्या. सोमवारी परबच्या संडासात टाका, गुरुवारी तुमच्या. तळ्यात रंग कधी दिसतो तेवढं लिहून ठेवा. रोज येणं त्यांना जमणार नव्हतं. "तुमच्यासारखा शिकलेला माणूस आहे, मग काळजी कसली?" असं म्हणून ते गेले.

सोमवारी परबच्या आईने स्वतः मला आत नेलं. पूड टाकली, वर दोन बादल्या पाणी. मंगळवारी मी शाळेला दांडी मारून काठावर पुस्तक घेऊन बसलो. पान उलटलं नाही. बुधवारीही काही नाही. पाणी हिरवं ते हिरवंच.

गुरुवारी माझ्या घरात पूड टाकली.

शुक्रवारी सकाळी विहिरीजवळच्या दगडांतून एक लाल रेघ तळ्यात उतरत होती. बारीक. परकराच्या नाडीएवढी.

घर बांधताना गवंडी विचारत होता, शोषखड्डा आत्ताच करायचा का? नंतर बघू, म्हणालो होतो. नलू तिथे मोगरा लावणार होती — तो लावलाही. तो फार फुलायचा. का फुलायचा, हे त्या सकाळी कळलं.

मी घरात आलो. वही उघडली. लिहिलं: सोमवारी पूड टाकली, मंगळवारी रंग दिसला. गुरुवारी टाकली, काही दिसलं नाही.

अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

वही वाचून पालिकेने परबचा संडास बंद केला. त्याची म्हातारी गुडघे धरत, हातात डबा घेऊन, मैदानापलीकडच्या सार्वजनिक संडासात जाऊ लागली. वाट माझ्या दारावरून होती. मी रोज सकाळी खिडकीत बसायचो. मला बरं वाटायचं — हे लिहिल्याशिवाय कबुली पुरी होत नाही. फार बरं वाटायचं.

एका रविवारी परब आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मास्तरानू, रंग मी काय बघूक नाय. पण तुमी लिवलात म्हणजे खराच असतला." मग खाली बघत म्हणाला, "वैनी आमच्यापायी गेली. ह्या माका ठावक नव्हता."

एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडे एवढी पुस्तकं, एवढे शब्द. मी फक्त मनात म्हणालो, हस ना आता.

त्या हिवाळ्यात परबची माणसं घर विकून चारकोपला गेली. म्हातारी तिथे फार दिवस जगली नाही. ते गेल्यावर मी मोगरा उपटला आणि शोषखड्डा खणून घेतला. विचारणाऱ्यांना सांगितलं, मुळं भिंतीत शिरत होती.

परब दरवर्षी नलूच्या तिथीला येतो. चपला बाहेर काढतो, तिच्या फोटोला हार घालतो, गुन्हेगारासारखा मान खाली घालून बसतो. यंदाही आला होता. केस पांढरे झालेत त्याचे. मी त्याला चहा दिला. त्याचं ते हसू मला अजूनही आठवतं, आणि अजूनही राग येतो — सगळं माहीत असून.

जाताना त्याने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.