गोलाच्या मधोमध सही

ससोबा हे नाव त्याला कुणी ठेवलं नव्हतं. "आपण बुवा ससोबा, पान वाजलं की पळणार," असं तोच आल्यागेल्याला सांगायचा. बारा वर्षं तो मोठ्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करत होता. रोज दहा तास, उभ्याने. पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. बायको म्हणायची, "साहेबांना सांगून तरी बघा." हा म्हणायचा, "सांगतो की. पाय गळून पडले की लगेच सांगतो."

शेवटी घड्या घालणाऱ्या एका मावशींनीच अर्ज लिहिला: सगळ्यांना बसायला स्टुलं द्या. मागच्या अर्जावर ज्याची सही पहिली होती त्याला साहेबांनी दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. म्हणून यंदा मावशींनी कागदावर ताटली ठेवून गोल काढला आणि सह्या त्या गोलावर घ्यायला लागल्या. आता शोधा म्हणावं, पहिला कोण!

कागद फिरू लागला तसा ससोबा संडासात जाऊन लपला. अर्ध्या तासाने बाहेर येतो तर मावशी दारातच.

"झालं? कर सही."

गोल गच्च भरला होता. तेव्हा या शहाण्याने बरोबर मधोमध सही ठोकली, चांगली वळणदार, खाली रेघ ओढून. मावशींनी कपाळाला हात लावला.

दुपारी बोलावणं आलं. साहेबांनी मधल्या सहीवर बोट ठेवलं. "पुढारी तू होय? अर्ज तू लिहिलास, की आणखी कुणी? नाव सांग आणि कामाला लाग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मावशींचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, हे तो आजही लपवत नाही. पण सकाळपासून उभे असलेले पाय ठणकत होते, आणि त्याने समोरच्या खुर्चीत धपकन बसकण मारली. कामाच्या वेळेत बसला तो बारा वर्षांत पहिल्यांदा. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"ऊठ!" साहेब ओरडले.

"दोन मिनिटं, साहेब. तिकडे साठीच्या बायका उभ्या आहेत हो," ससोबा म्हणाला. आणि मग म्हणाला, "अर्ज मीच लिहिला."

सहीपलीकडे त्याला एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

आता तो गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून इस्त्री करतो. उभ्यानेच. "दुसऱ्यांच्या पायांची काळजी करायला निघालात, आता भोगा," बायको म्हणते आणि रात्री गरम पाण्याची बादली आणून ठेवते.

महिन्याने मावशी आल्या. नजर खाली.

"तुला काढल्यावर दोन दिवस आम्ही काम बंद ठेवलं. साहेब म्हणाले, स्टुलं घ्या, पण तो परत यायचा नाही. आम्ही स्टुलं घेतली रे."

"बरं केलंत. मी तिथे असतो तर पुढच्या अर्जाचीही वाट लावली असती."

एवढं म्हणून ससोबा भर गल्लीत रडला. या वेळी मात्र तो कुठे लपायला गेला नाही.