हा गाल मावशीचा

हळदीच्या दिवशी नवरीइतकं आज्ञाधारक माणूस शोधून सापडायचं नाही. बस म्हटलं की बसायचं, पाय पुढे म्हटलं की पाय पुढे. शेजारची मेघनाही सगळं हसत ऐकत होती. सवाशिणींची हळद लावून झाली आणि तिच्या आत्याबाई म्हणाल्या, "झालं. ऊठ आता."

मेघना उठली नाही. उजवा गाल तिने तळहाताने झाकून धरला होता. "हा गाल मावशीचा."

तिला लहानाची मोठी करणारी मावशी नवरा गेल्यामुळे दाराआड उभी होती.

"विधवेनं लावायची नसते. हात काढ बघू!"

"आत्या, सांगाल तिथे डोकं टेकवीन. पण एवढं नाही ऐकायची."

नाही म्हणायचं तर आवाज चढवावा लागतो, मुठी वळाव्या लागतात, असं मला आपलं वाटायचं. इथे तर एक उघडा तळहात पुरला. आणि उठसूट नाही म्हणणाऱ्या माझ्यासारखीच्या शंभर नकारांपेक्षा, एरवी सगळं ऐकणारीचं एकच नाही केवढं वजनदार! अंघोळीचं पाणी निवत होतं आणि ही पाटावर बसून खुशाल गुणगुणत होती.

शेवटी आत्याबाईंनी मान फिरवली. मावशी आली. तिने इतक्या घाईने हात फिरवला की अर्धी हळद मेघनाच्या नाकावर गेली. मेघनाने हसत तोच हात धरला आणि सरळ आत्याबाईंच्या गालावर टेकवला.

"अगं, अगं!" आत्याबाई ओरडल्या. पण दुपारी पंगतीत वाढायला आल्या, तेव्हाही गाल धुतलेला नव्हता.