आईच्या गुडघ्यात नुसतं सलाईन होतं

मंडळी, आज आईला घेऊन खोडाळ्याहून नाशिकला गेले होते.

गेल्या वर्षी तिथल्याच दवाखान्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिथे अस्थिमज्जेच्या इंजेक्शनची चाचणी चालू होती. निम्म्यांना मज्जा, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय दिलं, ते शेवटीच कळणार होतं. आई नको म्हणत होती, मीच गळ घातली.

आज कळलं, तिला सलाईन मिळालं. अजून तिला खाली बसता येत नाही. मला रडू आवरेना.

आईने डॉक्टरांना विचारलं, "ज्यांना खरं औषध दिलं, त्या बाया नीट चालतात का?"

"काही जणी चालतात."

"बरं झालं," आई म्हणाली.

परतताना एसटीत म्हणाली, "औंदा भाताच्या लावणीला मला धरू नका."

आपल्या माणसाला तुम्ही कधी अशी आशा लावलीत का? नंतर त्याच्याकडे कसं बघितलंत?