शेजारच्या सीटवरची बाई

डिंडोलीच्या बसमध्ये एक बाई रोज माझ्याच शेजारी बसायची. परीक्षेसाठी मी वैद्यकीचं पुस्तक उघडलं की ती वाकून चित्रं बघायची. मला तिचा संशय यायचा. मी पर्स घट्ट धरून बसायचे.

एकदा वयात येण्याच्या विकारांचं प्रकरण वाचत होते. मुलीच्या चित्रावर तिनं बोट ठेवलं.

"ताई, माझी पोर सात वर्षांची. तिला पाळी आली. घरचे म्हणतात, कुणीतरी काही केलं असेल. विचारून विचारून पोर बोलायचीच थांबली."

"आजारही असू शकतो. मी डॉक्टरकी शिकते, उद्या तिला आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात आणा."

ती पोरीला घेऊन आली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजारच आहे, उपचार होतील."

"हे कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "माझ्या तोंडचं घरात कुणाला खरं वाटणार नाही."